पुढचा ब्रेक

आमच्या घराच्या जिन्याखाली हल्ली दोन मोटारसायकली शेजारी शेजारी उभ्या असतात. एक माझी, १९९५ साली मी नोकरीत कायम झालो तेव्हा घेतलेली बुलेट. दुसरी माझ्या मुलीची. घरी आलेला पाहुणा पहिल्या गाडीकडे पाहून "अजून चालते का हो?" असे विचारतो, आणि दुसरीकडे पाहून काहीच विचारीत नाही, कारण काय विचारावे हेच त्याला उमगत नाही. या दुसऱ्या गाडीला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसे नाहीत, नंबराची पाटी नाही, मागे कोणी बसावे अशी जागा नाही, फार काय, किल्लीसुद्धा नाही. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली आणि हळूच मला विचारले, "दुरुस्तीसाठी सोडून ठेवली आहे काय?"

मी त्यांना हसलो नाही. वर्षभरापूर्वी मी स्वतः याहून फारसे शहाणपणाचे बोललो नव्हतो.

मी रस्त्यावरचा माणूस आहे. तीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवरून मी बुलेट चालवीत आलो, आणि या अवधीत एकदाही पडलो नाही, याचा मला मनातून पुष्कळ अभिमान आहे. ज्यांनी ती जुनी बुलेट चालविली असेल त्यांना ठाऊक असेल की, ती केवळ चालवायची नसते, तिची मर्जी सांभाळायची असते. अँपिअरचा काटा मधोमध आणून मग किक मारायची. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. तिचे वजन साडेचार मणांच्यावर. एकदा का ती चालू लागली की डांबरी रस्त्यावर तिच्यासारखी स्वस्थ चाल दुसऱ्या गाडीची नाही, असे माझे मत आहे. आणि या वयात ते बदलण्याचा माझा विचारही नाही.

मुलगी अठरा वर्षांची झाली तेव्हा तिला मोटारसायकल मीच शिकविली. आमच्या महाविद्यालयाचे मैदान रविवारी मोकळे असते, तेथे. तिच्या आईला ते पसंत नव्हते. परंतु मला त्या शिकवणीत जे सुख लाभले ते वर्गातल्या सहासष्ट मुलांना शेक्सपिअर शिकविताना क्वचितच लाभते. माझी काही सूत्रे होती. आसनावर घट्ट बसावे. गुडघे टाकीला टेकलेले असावेत. वळणावर गाडी जितकी कलेल तितकेच आपण कलावे. अर्धा क्लच दाबून गाडी रेटू नये, त्याने क्लचप्लेटी जळतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थांबायचे झाले तर पुढचा ब्रेक. मागचा केवळ साहाय्याला. याचे कारणही मी तिला फळ्यावर आकृती काढावी तसे समजावून दिले होते: वेग मारताना सारा भार पुढच्या चाकावर येतो, चाक रस्त्यावर दाबले जाते, आणि म्हणून गाडी थांबविण्याची बहुतेक शक्ती त्याच चाकात असते, मागचे चाक त्या क्षणी हलके झालेले असते, त्याला दाबून काय उपयोग? ती मैदानावर चकरा मारी आणि मी मधोमध उभा राहून ओरडे, "पुढचा! पुढचा ब्रेक!" पुढे पुढे मी 'पुढचा' म्हणायच्या आत तिची बोटे आवळलेली असत.

ती पदवीधर झाली तेव्हा मी तिला शहरात चालवायची एक सुबक मोटारसायकल घेऊन दिली. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. स्टेडियमच्या आत मातीचे उंचवटे रचून त्यांवरून गाड्या उडवायच्या असा तो प्रकार. मैत्रिणींबरोबर ती तेथे गेली, आणि परत आली ती दुसरीच होऊन. उन्हाळ्यात तिने मी दिलेली गाडी विकली, स्वतःच्या पगारातली शिल्लक तीत घातली, आणि २५० सी.सी.ची ही जपानी बनावटीची जुनी मोटोक्रॉसची गाडी विकत आणली. आणली म्हणजे चालवीत नव्हे. या गाडीची नोंदणी होत नाही, त्यामुळे तिला रस्त्यावर येण्याची मुभा नाही. लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात त्या टेम्पोत दोरांनी बांधून तिला मेण्यातल्या नवरीसारखी मिरवीत आणावी लागते.

"जिला रस्त्यावर यायची परवानगी नाही ती गाडी कसली?" मी विचारले.

"बाबा, तिला रस्ता लागतच नाही," ती म्हणाली.

उत्तर उद्धटपणाचे नव्हते, हे मला आज कळते. त्या वेळी मात्र मला ते फार लागले. पैशांचे मला दुःख नव्हते. मी हौसेने दिलेली वस्तू तिने मला न विचारता विकली, आणि त्या वस्तूबरोबर त्या मैदानावरचे रविवारही विकले, असे काहीतरी माझ्या मनाने घेतले. सबंध पावसाळाभर आम्ही एकमेकांशी बोललो ते तिच्या आईच्या मार्फत. 'तुझ्या बाबांना सांग, दूध आणले आहे', 'तिला सांग, दार लावून घे'. मध्यस्थ होऊन ती बिचारी इतकी कंटाळली की एके दिवशी म्हणाली, "आता निदान एकमेकांना चिठ्ठ्या तरी लिहा."

परंतु माणूस बोलायचा थांबला म्हणून पाहायचा थांबत नाही. घरातली माणसे निजली म्हणजे मी जिन्याखाली जाऊन विजेरीच्या उजेडात त्या गाडीची परीक्षा करीत असे. प्रथम दोष काढण्यासाठी. मग, कबूल करतो, कुतूहलाने. दोन्ही गाड्यांना दोन चाके, एक इंजिन, एक साखळी. आणि तरीही कोणताही अवयव दुसरीसारखा नाही. माझ्या गाडीची बैठक अडीच फुटांच्या थोडी वर, तिची तीन फुटांहून उंच. मी तिच्याजवळ उभा राहिलो तर माझी कंबर खाली राहते! इंजिनाच्या पोटाखाली फूटभर जागा मोकळी, कारण खालून दगड येणार हे गृहीतच धरलेले. वजन मात्र माझ्या गाडीच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक, एकशे पाच किलोच्या आसपास. जे जे पडल्यावर मोडेल ते ते आधीच लावलेले नाही. पेट्रोलची टाकी साडेसहा लिटरांची, म्हणजे माझ्या टाकीच्या निम्मीसुद्धा नव्हे. तिला दूर कोठे जायचेच नसते.

पुढचे चाक एकवीस इंची, मागच्याहून मोठे. हे मला बैलगाडीमुळे समजले. खाचखळग्यांच्या वाटेवर बैलगाडीचे चाक थोरले असते ते का? चाक जितके मोठे तितका दगड त्याच्या आसापेक्षा खाली लागतो, आणि चाक त्याला अडखळण्याऐवजी त्यावर चढते. टायरावर अर्ध्या इंचाहून उंच रबरी ठोकळे. माझ्या गाडीचे टायर डांबराला चिकटते. हे टायर मातीत नख्या रोवते. त्यात हवा किती, तर बारा-तेरा पौंड! माझ्या मागच्या चाकात तीस पौंडांहून हवा कमी झाली तर मी पंपावाल्याकडे धावतो. हवा कमी म्हणजे टायर दगडावर दबून त्याला कवटाळते, हे तत्त्व मला पुढे वाचून कळले. पुढचे मडगार्ड चाकापासून वीतभर उंच, एखाद्या चोचीसारखे. मी ते बेढब म्हणून हसलो होतो. पण चाकालगत असते तर चिखलाने भरून चाकच गच्च बसले असते.

सर्वांत मोठा फरक शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा, आमच्या मिस्त्रीच्या भाषेत 'शॉकप'चा. माझ्या गाडीचे पुढचे चाक वरखाली होऊ शकते ते पाचेक इंच. हिचे बारा इंच. ही प्रगती फार जुनी नाही. इंग्लंडात, सरे परगण्यातील कॅम्बर्लीच्या माळावर १९२४ साली अशा रानोमाळ शर्यतींना प्रारंभ झाला, तेव्हा रस्त्याची गाडी आणि माळाची गाडी असा भेद जवळजवळ नव्हताच. ज्या गाडीवर बसून लोक आले तीच मातीत घालीत. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटात काटेरी कुंपणावरून जी प्रसिद्ध उडी आहे, ती मारणारी गाडीही मूळ रस्त्यावरचीच, ट्रायम्फची, थोडेफार फेरफार केलेली. (उडी मात्र नायकाची नव्हे, बड एकिन्स या त्याच्या मित्राची.) मग बेल्जियममधील ल्यूसियाँ तिल्केन्स नावाच्या एका अभियंत्याने मागच्या दोन शॉकअ‍ॅब्सॉर्बरांच्या जागी एकच, लांब, टाकीखाली आडवा घालण्याची युक्ती काढली; यामाहाने ती घेतली आणि १९७३ साली हाकान अँडरसन हा स्वीडनचा स्वार तिच्या बळावर २५० सी.सी.चा जगज्जेता झाला. चार इंचांचा खेळ ते दशक संपेपर्यंत बारा इंचांच्या घरात गेला, आणि तेथून या दोन भावंडांच्या वाटा कायमच्या वेगळ्या झाल्या.

आणखी एक गोष्ट मला विशेष वाटली. या गाडीला किलोमीटर मोजणारे यंत्र नाही; तास मोजणारे एक लहानसे घड्याळ मुलीने स्वतः बसविले आहे. ती किती लांब गेली याला महत्त्व नाही, किती वेळ झुंजली याला आहे. दर काही तासांनी तेल बदलायचे, आणि माझी बुलेट ज्या पिस्टनवर दहा दहा वर्षे काढील तो पिस्टन येथे तासांच्या हिशेबाने बदलायचा. इतके तीव्र आयुष्य! काटकसरीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा हिशेब आजही पचत नाही, हे नमूद करून ठेवतो.

मार्गशीर्ष लागला तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, "रात्री विजेरी घेऊन पाहता, त्यापेक्षा एकदा दिवसा जाऊन पाहा." तिला हे ठाऊक असेल याची मला कल्पना नव्हती. त्या रविवारी मी न बोलता टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. मुलगीही काही बोलली नाही. परंतु तिने आपल्या थर्मासमधला चहा पहिल्यांदा मला दिला.

पिरंगुटच्या पुढे एका टेकडीच्या अंगाला मुरमाड माळ आहे. पाच-सहा तरुण मुले तेथे सराव करतात. मी एका दगडावर बसून पाहू लागलो, आणि अर्ध्या तासात माझ्या सूत्रांची एकेक करून वाट लागली. तेथे कोणी बसतच नव्हते! सारे फूटरेस्टवर उभे. त्या फूटरेस्टला करवतीसारखे दाते असतात ते बूट निसटू नये म्हणून. गुडघे व कोपरे सैल, गाडी खाली वाटेल तशी उसळते आहे आणि स्वाराचे डोके मात्र तरंगल्यासारखे एका पातळीत. वळणावर गाडी आत लोटायची आणि आपण सरळ राहायचे, वर आतल्या बाजूचा पाय पुढे काढायचा. क्लचवर दोन बोटे सदैव असतात, आणि ज्या अर्ध्या क्लचसाठी मी तिला रागावत असे त्याच्यावरच सारा वेग तोललेला. मऊ रेताड जागा आली की मी असतो तर गाडी हळू केली असती. ही मुले ती वाढवीत. हळू झालेले पुढचे चाक रेतीत रुतते, वेगातले वरून निघून जाते.

मी इंग्रजी शिकवितो. मराठी वाक्याची क्रिया शेवटी येते, इंग्रजीची मध्ये. आमची मुले मराठीच्या वळणाने इंग्रजी लिहितात आणि मी तांबड्या शाईने ते खोडतो. त्या माळावर मी मनातल्या मनात तांबडी शाई घेऊन बसलो होतो, आणि समोर चाललेली भाषा माझी नव्हे हे मला दिसत होते. दिसत होते, पण ते बुद्धीला. ते अंगात कोठे उतरले होते?

शेवटच्या फेरीत ती टेकडीवरून उतरत होती. इंजिन अगदी मंद, उभी राहून कंबर मागच्या मडगार्डापर्यंत नेलेली, मागचा ब्रेक हलकासा दाबलेला. मी पायथ्याच्या वळणापाशी चारसहा पावलांवर उभा होतो. मागचे चाक मुरमावरून आडवे सरकू लागले. आता मला माहीत आहे की तसे ते सरकायचेच असते. स्वार ते हिशेबात धरतो, आणि अडलेल्या चाकापुढे साचणारी मातीच त्याला आवरते. एवढ्यासाठीच, २०१९ पासून आपल्याकडे १२५ सी.सी.हून मोठ्या दुचाकीला ए.बी.एस. सक्तीचे असूनही, रानवाटेसाठी काढलेल्या काही गाड्यांत मागच्या चाकापुरते ते बंद करण्याची सोय ठेवलेली असते. पण त्या क्षणी मला एवढेच दिसले की माझी मुलगी घसरते आहे आणि पुढे खडक आहे.

"पुढचा!" मी ओरडलो. "पुढचा ब्रेक!"

तिची बोटे आवळली. सुट्या मुरमावर पुढचे चाक जागच्या जागी अडले, आत वळले, आणि ती उजव्या खांद्यावर पडली. आवाज फार झाला नाही. शिरस्त्राण होते, छातीवर चिलखत होते, गुडघ्यांवर पट्टे होते. गळपट्टीचे हाड मात्र मोडले. मोटारसायकलवरून पडणाऱ्यांचे हेच हाड वरचेवर मोडते, असे डॉक्टर मला धीर देण्यासाठी म्हणाले. सहा आठवडे हात झोळीत.

इस्पितळात तिची आई आली. "काय झाले?" तिने विचारले. मी तोंड उघडणार तोच मुलगी म्हणाली, "हात निसटला ग. माझेच चुकले."

मला त्या रात्री झोप आली नाही. तीस वर्षे मी मुलांना सांगत आलो की खोटे लिहू नका, उत्तर येत नसेल तर कागद कोरा ठेवा. आणि माझ्या मुलीने माझ्यासाठी खोटे उत्तर दिले आणि मी ते तसेच जाऊ दिले. पहाटे उठून मी सौभाग्यवतीला खरे काय ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, "मला नका सांगू, तिला सांगा."

तिच्या उशाशी बसून मी जे बोललो ते येथे लिहीत नाही. फार बोललोही नाही. ती छताकडे पाहात म्हणाली, "तुमचा आवाज आला आणि बोटे आपोआप आवळली, बाबा. तुम्ही शिकविलेले इतके पक्के बसले आहे की काढता काढता मला दुसरे हाड मोडावे लागेल." आणि हसताना खांदा हलला म्हणून कळवळली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचे एक सूत्र तिथेही चालते मात्र. जिकडे पाहू तिकडे गाडी जाते. खडकाकडे पाहू नये, वाटेकडे पाहावे. तुम्ही खडकाकडे पाहात होता."

ते खरे होते. मी खडकाकडेच पाहात होतो.

सहा आठवडे गाडी उभी ठेवून चालणार नव्हते, असे तिचे म्हणणे. माझा संशय असा की ते तिने बनविलेले होते. तिसऱ्या रविवारी आम्ही टेम्पो सांगितला. झोळीत हात घालून ती माळाच्या मधोमध उभी राहिली आणि मी एका दगडावर चढून, कारण जमिनीवरून माझा पाय पोचेना, त्या उंच गाडीवर स्वार झालो. पंचावन्नाव्या वर्षी नवे अक्षर गिरवावे तसा पहिल्या गिअरात मी मैदानाला चकरा मारू लागलो. गाडी इतकी हलकी आणि इतकी तडफदार की मूठ जराशी पिळली तरी तोंडचे पाणी पळावे. सवयीने मी आसनावर घट्ट बसलो होतो, आणि प्रत्येक खळगा थेट माझ्या मणक्यांशी बोलत होता.

"बाबा, बसू नका!" ती ओरडत होती. "उभे राहा! गुडघे सैल! कोपरे वर! आणि त्या पुढच्या ब्रेकवरची बोटे काढा पाहू आधी!"

बोटे काढायला मला तीन चकरा लागल्या. उभा राहिलो तेव्हा मात्र एक चमत्कार झाला. खालची जमीन तीच, खळगे तेच. पण ते आता मला न लागता गाडीलाच लागू लागले. पाचव्या चकरीस मी इतका खुशीत आलो की वळण घ्यायचे विसरलो आणि बाभळीच्या झुडपात शिरलो. तिने मला एका हाताने बाहेर ओढले. चिलखत तिचे होते, ते मला आखूड पडते; पुढच्या खेपेस बेताचे आणू, असे ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बुलेटवरून महाविद्यालयात निघालो. प्रवेशद्वारापाशी एक मोठा गतिरोधक आहे. तो आला तसा मी, तीस वर्षांत कधी नव्हे तो, कोपरे वर करून फूटरेस्टवर उभा राहिलो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुले तेथेच उभी होती.